आवाज गेलेली जीप

संध्याकाळी आमच्या घरात घड्याळाकडे कुणी बघायचं नाही. आबांची जीप कुठवर आली, ते कानालाच कळायचं. पिंपळीच्या पुढे, इंदापूर रस्ता सोडून आत, कालव्याच्या कडेला आमची वस्ती. वस्ती म्हणजे आमचं एकच घर आणि भोवती ऊस. आबा मोठा रस्ता सोडून कालव्याच्या पुलाकडे वळले की इंजिनाची धडधड उसावरून घरापर्यंत पोचायची. डिझेलची इंजिनं सगळीच धडधडतात, पण आमचं अडखळायचं. सलग ठोके पडता पडता मध्येच एक ठोका गिळायचं आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे चालू लागायचं. आबांनी ते कितीदा तरी दुरुस्त करून घेतलं, पण खोड काही गेली नाही. शेवटी त्यांनी नाद सोडला.

आबा म्हणजे माझे वडील. बारामती ते इंदापूर टॅक्सी चालवायचे. आमच्याकडे टॅक्सी म्हणजे काळी-पिवळी जीप. जितकी माणसं बसवायची परवानगी, त्याच्या दुप्पट आत बसायची आणि उरलेली मागे लोंबकळायची. इंजिनाच्या त्या खोडीमुळे आमची जीप सगळ्या वाटेवर ओळखीची होती. वस्त्यांवरची माणसं फाट्यावर येऊन ताटकळत बसायची नाहीत. घरात आपापली कामं करत राहायची, आणि तो अडखळता आवाज कानावर आला की पिशवी उचलून बांधावरून निघायची. जीप फाट्याला लागेपर्यंत माणूसही तिथे पोचलेला असायचा. आबांना हॉर्न वाजवायची वेळच यायची नाही. हॉर्न शेरडांसाठी असतो, असं ते म्हणायचे.

आई त्या आवाजावर चूल पेटवायची. आबांचा एकच हट्ट होता. दिवसभर ते फाट्यावर मिळेल ते खायचे, भिगवणची खेप असली तर तिथल्या टपरीवरचा मासा, नाहीतर सकाळी तळलेली आणि दुपारी पुन्हा तळलेली भजी, आणि कशालाही नाव ठेवायचे नाहीत. पण घरी पहिली भाकरी तव्यावरून सरळ ताटात पडली पाहिजे. निवलेली भाकरी वाढली तर ते ओरडायचे नाहीत, चिडायचे नाहीत. नुसतं ताट दोन बोटांनी थोडंसं पुढे सरकवायचे. मला त्या दोन बोटांचा फार राग यायचा, अजूनही येतो. आईला मात्र त्यात काही वाटायचं नाही. जीप पुलावर आली की ती चुलीत उसाचं वाळलेलं पाचट सारायची, काडी ओढायची आणि पिठात हात घालायची. आबा हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत भाकरी टम्म फुगलेली असायची. नात्यातल्या बायकांना या गोष्टीचं केवढं कौतुक होतं. आमच्या घरी मुक्कामाला आलेली प्रत्येक बाई परत जाऊन आपल्या सुनेला हे सांगायची.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी बारामतीला कॉलेजात जात होते. त्या सुमारास आईचा दम फुलायला लागला. कालव्यावरून हंडा आणताना ती मध्येच उभी राहायची आणि उसाकडे बघतेय असं दाखवायची. थंडी पडली की तिच्या छातीतून बारीक शिट्टी ऐकू यायची. झोपताना ती भिंतीला टेकून बसायची, आडवी व्हायचीच नाही. अखेर आबांनी तिला जीपमध्ये पुढे बसवून बारामतीच्या डॉक्टरांकडे नेलं. मी बरोबर होते.

डॉक्टरांनी छाती तपासली आणि तुम्ही काय करता, असं आबांना विचारलं. आबांनी मान खाली घालून सांगितलं की डिझेलची टॅक्सी आहे, रात्री अंगणातच असते, आणि सकाळी दारातच चालू करून तापवावी लागते. डॉक्टरांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. रोज सकाळी डिझेलचा धूर घरात घेताय, मग दुसरं काय होणार, असं म्हणाले. बाईंना या धुरापासून लांब ठेवा, नाहीतर त्यांना एखादा हिवाळा निभणार नाही, हेही त्यांनी आईच्या समोरच सांगून टाकलं. घरात स्वयंपाक कशावर होतो, हे त्यांनी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं काही आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

त्या संध्याकाळी आबांनी जीप पुलाच्या पलीकडेच उभी केली आणि आईला हाताला धरून चालवत घरी आणलं. पुढे रोज ते जीप पुलापाशी सोडू लागले. मग कुणीतरी बॅटरी काढून नेली, नंतर टाकीतलं डिझेल. उसाच्या कडेला गाडी टाकणं परवडणारं नव्हतं. पेपरात तेव्हा यायला लागलं होतं की मोठ्या शहरांत टॅक्सी गॅसवर घेणार आहेत, गॅसला धूर नसतो. आबा पेपर वाचून सोडून देणारे. ही बातमी मात्र त्यांनी खिशात घालून फिरवली.

बारामतीतल्या एका गॅरेजवाल्याने पुण्यात राहून हे काम शिकून घेतलं होतं. डिझेलचं इंजिन सरळ गॅसवर चालत नाही, त्याला ठिणगी लागते, असं त्याने सांगितलं. म्हणून जीपचं जुनं इंजिन उतरवायचं, मोडीत निघालेल्या एखाद्या मोटारीचं पेट्रोलचं इंजिन चढवायचं आणि त्याला गॅसचं किट बसवायचं. जुनं इंजिन त्याने कामाच्या मोबदल्यात आपल्याकडेच ठेवून घेतलं. योगायोग असा की त्याच महिन्यात आमचा गॅसचा नंबर लागला. किती वर्षांपूर्वी नाव नोंदवलं होतं, तेही आम्ही विसरलो होतो. शेगडी आणि सिलिंडर एकदमच घरी आले. शेगडी आईने जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली आणि सिलिंडर जीपमध्ये गेला. अशा गाड्यांना तेव्हा परवानगी नव्हती, आणि परवानगी आहे का असं विचारायलाही कुणी आलं नाही.

कमावत्या गाडीला गॅस आणि आईला पाचट, यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही. गॅसवरची भाकरी पोटात गडगडते, ह्यांना चालायची नाही, असं आई स्वतःच सगळ्यांना सांगत होती. चुलीचा धूर हा आमच्याकडे धूर नव्हताच, तो स्वयंपाक होता.

जीप गॅसवर आली आणि आबांचं नाव झालं. माणसं मुद्दाम बघायला यायची. बॉनेट उघडून आत डोकी घालायची. आबा खांद्यावरचा पांढरा पंचा काढून सायलेन्सरच्या तोंडाशी धरायचे आणि मग चारचौघांत फिरवायचे. पंचा पांढराच्या पांढरा. बायकोच्या दम्यासाठी माणसाने इंजिन बदललं, ही गोष्ट पार इंदापूरच्या स्टँडपर्यंत गेली. कुणी चेष्टा करायचं, कुणी खरंच भारावून जायचं. मलाही अभिमान वाटायचा आणि मी कॉलेजात मैत्रिणींना सांगायची. इतकी माणसं आमच्या अंगणात येऊन गेली, त्यांतलं एकही स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलं नाही.

पहिल्या संध्याकाळची गोष्ट मला नीट आठवते. लाइट गेलेली होती. आई उंबऱ्यात बसून पुलाकडे कान लावून होती, मी कंदिलाची काच पुसत होते. अंगणातला अंधार एका जागी जास्त दाट झाल्यासारखा वाटला म्हणून मी मान वर केली. आबा उभे होते. त्यांच्या मागे जीप उभी होती. गंमत म्हणून त्यांनी पुलापासूनच गाडीचे दिवे मालवले होते, त्यामुळे कधी आली, कशी वळली, काहीच कळलं नव्हतं. इंजिन अगदी मुकं होतं असं नाही, जवळ गेलं तर बारीक गुणगुण यायची, पण उसाच्या सळसळीत ती विरून जायची. आमचं कुत्रं एरवी पुलापर्यंत पळत जायचं. ते चुलीच्या भिंतीला टेकून झोपलेलं होतं. त्याने डोळे उघडले आणि आबांकडे बघून ते गुरगुरलं. आबांवर ते कधीच गुरगुरलं नव्हतं.

आई उठली, पण पुढे झाली नाही. कधी आलात, असं तिने विचारलं, आणि आबा म्हणाले, आत्ताच की. ते खूश होते. गाडी कशी आली हे कुणालाच कळलं नाही, याची त्यांना गंमत वाटत होती. आई मात्र बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. घरचा माणूस दाराशी आला की बाईला आधी कळतं, अशी तिची इतक्या वर्षांची सवय. ती एका दिवसात गेली.

मग वाटेवर कुजबुज सुरू झाली. त्या हिवाळ्यात कालव्यावर धुकं फार पडायचं. फाट्यावर एकट्याच उभ्या असलेल्या माणसाच्या शेजारी एकदम जीप येऊन थांबायची, धुक्यात दिवे दिसायचे नाहीत, आवाज यायचा नाही. एका म्हाताऱ्या तात्यांच्या हातून अंड्यांची टोपली खाली पडली. ते आबांना म्हणाले की तुझी गाडी येत न्हाय, उगवती. हसण्यावारी गेलं, पण पुढे बायका दिवेलागणीनंतर आमच्या जीपमध्ये बसायच्या आधी आबांच्या पायांकडे बघू लागल्या. भुताचे पाय उलटे असतात, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. आबा वहाणा काढून पाय सरळ पुढे करायचे आणि म्हणायचे, बघा मावशी, अंगठा पुढंच हाय. त्यांच्या पायांची एवढी तपासणी कधी लग्नातही झाली नसेल. बायका हसायच्या, चढायच्या, आणि बारामती येईपर्यंत गप्प बसून राहायच्या.

वस्त्यांवरची माणसं घरातच राहू लागली. आवाजच नाही तर निघणार कशी? आबांनी हॉर्न वाजवून बघितला. पण उसाचे ट्रक, ट्रॅक्टर, एसट्या सगळ्याच वाजवत जातात, त्यातून आमचा हॉर्न कोण निवडणार? आईसाठी म्हणून एकदा त्यांनी पुलावर लांबलचक हॉर्न दिला, तर ती हातातलं टाकून अंगणात धावत आली. कुणी गेलं की काय, असं तिला वाटलं होतं. हार्न परक्याला वाजवत्यात, एवढंच ती म्हणाली. आबांनी पुन्हा वाजवला नाही.

जीप कधी उगवेल याचा नेम नाही, म्हणून आई दिवेलागण झाली की चूल पेटवायची आणि आबा येईपर्यंत विझू द्यायची नाही. बाहेर गारठा, म्हणून दार लावलेलं. पूर्वी चूल थोडा वेळ जळायची, आता ती संध्याकाळभर जळत राहायची. तव्यावरून काढलेली एक भाकरी निवली की ती माझ्या ताटात यायची आणि आई दुसरी थापायची. आईचा खोकला वाढला. डिझेल घरातून गेलं आणि खोकला वाढला, याचं सगळ्यांना नवल वाटलं. नातेवाईक म्हणाले, इतक्या वर्षांचा धूर आत साठलाय, निघायला वेळ लागेल. कुणी म्हणालं, बाहेरचं काहीतरी आहे, आणि उंबऱ्याला लिंबू-मिरची बांधून गेलं. आबा हतबल होऊन जीपकडे बघत बसायचे. आणखी काय बदलायचं राहिलं, ते त्यांना सापडत नव्हतं.

मग तो आवाज यायला लागला.

मी आणि आई दोघीच घरात होतो, लाइट गेली होती. आई परातीवर वाकलेली होती, तिने एकदम मान वर केली आणि म्हणाली, पूल आला. मीही ऐकलं. धडधड, धडधड, मध्येच गिळलेला एक ठोका, पुन्हा धडधड. कुत्रं ताडकन उठलं आणि शेपूट हलवत अंगणाच्या टोकाला जाऊन उभं राहिलं. आईच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी सुटल्यासारखं हसू आलं. तिने भाकरी तव्यावर टाकली. मी पाट मांडला, तांब्या भरला. आवाज तसाच येत होता. पुलावरून घरापर्यंत यायला लागतो तेवढा वेळ गेला, त्याच्या दुप्पट गेला, आणि आवाज जवळ आला नाही. लांबही गेला नाही. एका जागी उभा राहून तो धडधडत होता. कुत्र्याची शेपूट हलायची थांबली. भाकरी ताटात निवली. मग आवाज एकदम बंद झाला, आणि नंतर बराच वेळ आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत बसलो.

आबा आले ते नेहमीसारखे, न कळता. त्या वेळी ते इंदापुरात होते, असं त्यांनी सांगितलं. मी घडलेलं सांगितलं तेव्हा ते हसले. हातातली बॅटरी लावून त्यांनी आईला अंगणात नेलं, बॉनेट उघडलं, नवं इंजिन दाखवलं. म्हणाले, बघ, यात डिझेलचा थेंब न्हाय. आईने वाकून बघितलं.

"हितं न्हाय, व्हय," ती म्हणाली. "पर तितं हाय."

त्यानंतर काही संध्याकाळी तो यायचा, काही संध्याकाळी नाही. मी विज्ञान शाखेत होते, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि तरीही तो आवाज सुरू झाला की मी खिडकी लावून घ्यायची. तो दुसऱ्या कुठल्या इंजिनाचा असता तर मला काहीच वाटलं नसतं. पण तो गिळलेला ठोका आमचा होता. इतर वस्त्यांवरही तो ऐकू जायचा. माणसं सवयीने पिशव्या घेऊन फाट्यावर यायची, धुक्यात उभी राहायची आणि परत जायची. जुनं इंजिन आपली जीप शोधत फिरतंय, असं लोक बोलू लागले.  आवाज आला की आई चुलीत जास्तीचं पाचट सारायची, एवढंच. आज तरी खरंच येतील, असं तिला दर वेळी वाटायचं.

एकदा मी कॉलेजातून सुटले तेव्हा आबा स्टँडवर रिकाम्या जीपमध्ये बसलेले होते. दुपारपासून एकही माणूस चढला नव्हता. चल घरी, म्हणाले. आम्ही दोघं निघालो ते दिवे लागायच्या वेळी पुलापाशी पोचलो. धुकं उसाच्या तुऱ्यांपर्यंत चढलं होतं. पुलाच्या मध्यावर आबांनी एकदम ब्रेक लावला आणि चावी बंद केली. त्यांनी तो आवाज तोवर कधीच ऐकला नव्हता. तो यायचा तेव्हा ते कुठेतरी वाटेवर असायचे. आता तो धुक्यातून सरळ आमच्या अंगावर येत होता. आबांचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले.

"माझीच हाय," ते म्हणाले.

ज्या जीपमध्ये आम्ही बसलो होतो, ती मुकी होती, आणि तिचा आवाज तिच्या बाहेर कुठेतरी चालू होता. मला इतकी भीती वाटली की मी आबांच्या सदऱ्याची बाही धरली. त्यांनी चावी फिरवली आणि जीप घराकडे नेली.

घराची कौलं धूर सोडत होती. दाराच्या फटीतूनही धूर येत होता. आबा घरात यायचे तेव्हा दार उघडं असायचं, चुलीचा जाळ उतरलेला असायचा, ताट मांडलेलं असायचं. अंगणात ते हातपाय धुवायचे, त्या पाण्याचा आवाज ऐकून आई दार उघडायची, धूर बाहेर जाऊ द्यायची आणि सगळं तयार ठेवायची, आणि त्याआधीचं घर त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी ते वेळेआधी आले आणि हातपाय न धुता सरळ दाराशी गेले. त्यांनी दार ढकललं.

आत धूर आढ्यापासून कमरेपर्यंत उतरलेला होता. त्याच्या खाली, चुलीपाशी, आई बसली होती. एक हात जमिनीवर टेकलेला, खांदे वरखाली होत होते, आणि दुसऱ्या हाताने ती भाकरी थापत होती. दर थापेगणिक छातीतून शिट्टी यायची. डोळे मिटलेले होते. दार वाजलं तशी तिने मान फिरवली, पण डोळे उघडता येईनात.

"कोन हाय?"

"मी हाय."

"न्हाय," ती म्हणाली. तिच्या आवाजात भीती होती. "ते अजून पुलावर हायती. ऐका की."

बाहेर धडधड चालूच होती. आबा दारात उभे राहिले.  मग ते म्हणाले, चूल इझव. आईने मान हलवली, ते आत्ता येतील, भाकरी निवंल, असं ती त्यांनाच सांगू लागली. आबांनी पिण्याच्या पाण्याचा हंडा उचलला आणि चुलीवर उपडा केला. राखेचा लोट उठला. त्यांनी आईला दोन्ही हातांवर उचलून अंगणात आणलं, जीपच्या पायरीवर बसवलं आणि तिचं तोंड पंच्याने पुसलं. पंचा काळा झाला. तो त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवला. थंड हवेत आईला श्वास मिळाला, तिने डोळे उघडले आणि समोर आबा दिसले. खरंच तुमीच हायसा व्हय, असं तिने विचारलं आणि त्यांचा हात चाचपून बघितला. मी तिथेच रडायला लागले.

आबांनी पाना काढला, जीपमधला सिलिंडर सोडवला आणि खांद्यावर घेऊन स्वयंपाकघरात नेला. माळ्यावरून शेगडी काढली. नळी जोडली. त्या रात्री भाकऱ्या मी केल्या, वाकड्यातिकड्या. आबांनी स्वतःची भाकरी ताटात ठेवली, ती पुरती गार होऊ दिली आणि मग खाल्ली.

दुसऱ्या दिवशी ते आवाजाच्या रोखाने कालव्याच्या पलीकडे गेले. तिथल्या एका बागायतदाराने गॅरेजमधून जुनं इंजिन उचललं होतं आणि कालव्याच्या काठावर पंपाला जोडलं होतं. संध्याकाळी लाइट गेली की तो ते चालू करून उसाला पाणी द्यायचा. त्याने आबांना चहा पाजला, मोठ्या हौसेने इंजिन दाखवलं, आणि दणकट आहे पण मध्येच एक ठोका सोडतं, त्याला काही इलाज आहे का, असं विचारलं. आबा म्हणाले, नाही. ही बातमी पसरली तशी वाटेवरची माणसं मोकळेपणाने हसली. मला हसू आलं नाही. ज्या आवाजाने आईला जन्मभर चुलीपाशी नेऊन बसवलं, तोच पलीकडच्या काठावर उभा राहून तिला अजून बोलावत होता. कारण कळल्यावर मला त्याची जास्तच भीती वाटू लागली.

सिलिंडर पुन्हा जीपमध्ये गेला नाही. पेट्रोलवर टॅक्सी परवडेना, म्हणून आबांनी जीप विकली आणि दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून जाऊ लागले. उन्हाळ्यात आई जरा सावरली. अर्धा हंडा आणायची, आडवी होऊन झोपायची. गॅसच्या शेगडीला आधी ती घाबरायची, मग तिच्याशी बोलायला लागली. आबा येतील तेव्हा येतील, असेल ते खातील, असं घरात ठरलं होतं, पण आईला ते कधी पटलं नाही. निवलेल्या भाकरीवर ती झाकण ठेवायची, आबांकडे बघायची आणि अपराध्यासारखी हसायची. आम्ही फार उशिरा जागे झालो होतो. पुढचा हिवाळा तिला निभला नाही. पौषातल्या एका दुपारी, भिंतीला टेकून बसल्या बसल्या ती गेली.

अंगणात माणसं जमली. ज्यांनी आबांचा पंचा हातात घेऊन बघितला होता, तीही आली होती. त्यांच्यातला एक म्हातारा आबांच्या शेजारी बसला आणि समजूत घालू लागला. तुमी काय कमी केलं न्हाय आबा, इंजिन बदललं, गाडी गॅसवर नेली, पर गाडीचा धूर आधीच बसला हुता बघा तिच्या छातीत. बाकीच्यांनी माना हलवल्या.

"गाडीनं न्हाय गेली ती," आबा म्हणाले. "माझ्या गरम भाकरीनं गेली."

माणसांनी एकमेकांकडे बघितलं. दुःखाने आबांचं डोकं फिरलंय, असं त्यांना वाटलं असणार. म्हाताऱ्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि विषय बदलला. सुतकाच्या घरात चूल पेटवत नाहीत, म्हणून पलीकडच्या वस्तीवरची बाई आमच्यासाठी पिठलं-भाकरी करायला मघाशीच घाईने निघून गेली होती. थोड्या वेळाने तिच्या घराच्या कौलांतून धूर निघाला आणि उसावरून सावकाश आमच्या अंगणाकडे आला.